कनेक्टिंग रॉड कोणता, ते बिलावर लिहा

आमचा धंदा कापडाचा. मोटारीच्या सुट्या भागांवर आम्ही लेखणी चालवावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु यवतमाळ जिल्ह्यातला कापडाचा छोटा व्यापारी केवळ दुकानाच्या गादीवर बसून पोट भरू शकत नाही. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. कळंब, दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, महागाव, उमरखेड, घाटंजी, पांढरकवडा, वणी असा पसारा आहे, आणि गावोगाव आठवडी बाजार भरतात. गाठोडी गाडीत घालायची, पहाटे निघायचे, पाल टाकायचे आणि रात्री परतायचे, असा हा धंदा आहे. ज्या दिवशी गाडी बंद, त्या दिवशी धंदा बंद. म्हणून कापडवाल्यालाही इंजिनाची भाषा शिकावी लागते. आम्ही ती नुकसान सोसून शिकलो.

कनेक्टिंग रॉड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारा लोखंडी दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचे वरचे लहान तोंड पिनने पिस्टनला जोडलेले असते. खालचे मोठे तोंड क्रँकला धरते. हे खालचे तोंड दोन भागांचे असते. अर्धा भाग दांड्याचाच आणि अर्धा भाग वेगळी कॅप, जी बोल्टांनी आवळतात. आत बेरिंगच्या दोन पातळ वाट्या बसतात, ज्यांना आमच्याकडचे मिस्त्री ‘मेटल’ म्हणतात. आमच्या पिढीच्या लोकांनी हा दांडा उघड्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या शकुंतला रेल्वेला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले ते इंजिन सत्तर वर्षे चालले. त्याच्या चाकांना बाहेरून जोडलेला, पुढेमागे होणारा जो मोठा दांडा लहानपणी आम्ही फाटकाजवळ उभे राहून बघत असू, त्याचाच हा धाकटा भाऊ. फरक एवढाच की मोटारीतला दांडा दिसत नाही. जे दिसत नाही तेथे फसवणुकीला जागा असते.

आमच्याकडे मारुती ओम्नी आहे. तिचे इंजिन तीन सिलेंडरचे, ७९६ सीसीचे, मारुती ८०० चेच. म्हणजे तिच्यात तीन कनेक्टिंग रॉड. क्रँक मिनिटाला ४,००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक रॉड त्या एका मिनिटात ८,००० वेळा दिशा बदलतो. कधी दाबला जातो, कधी ताणला जातो. एवढा मार खाणारी वस्तू कशी असावी याचा विचार गाडी घेताना कोणी करीत नाही. आम्हीही केला नव्हता.

जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात मोठा पूर आला. आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली होती, हे वाचकांना स्मरत असेल. त्याच पावसात आमचा पुतण्या माल घेऊन परतत होता. नाल्याच्या पुलावर पाणी होते. पुढची गाडी गेली म्हणून यानेही घातली. मधोमध इंजिन बंद पडले. त्याने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. हीच चूक. इंजिनाने हवेच्या वाटेने पाणी ओढले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो आणि पाण्यावर अडतो. मग मधला दांडा वाकतो. गावातल्या माणसांनी गाडी ढकलून बाहेर काढली. माणसे सुखरूप, अल्हम्दुलिल्लाह. गाठोड्यातला मालही बहुतेक कोरा राहिला. पण मधला रॉड वाकला होता.

गाडी जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्याचे नाव आम्ही घेणार नाही. तेथे इंजिन उघडले, वाकलेला रॉड काढला, आणि कंपनीच्या डब्यातला म्हणून एक रॉड टाकला. पैसे कंपनीच्या भावाने घेतले. आम्ही बिल मागितले तेव्हा उत्तर मिळाले, “सेठ, बिल पाहिजे तर टॅक्स लागेल.” आम्ही गप्प बसलो. ही आमची चूक होती आणि ती आम्ही कबूल करतो. आमच्या दुकानावर ग्राहकाला आम्ही बिल देतो, आणि स्वतः ग्राहक झालो तेव्हा बिल सोडून दिले.

काही महिन्यांनी इंजिनातून बारीक टकटक येऊ लागली. गाडी चढावर लागली की जास्त. २०२४ चा रमजान मार्चमध्ये सुरू झाला होता. कापडवाल्याचा वर्षाचा धंदा त्या एका महिन्यात होतो, विशेषतः शेवटच्या दहा दिवसांत. ईदनंतर बघू असे म्हणून आम्ही टकटकीकडे कानाडोळा केला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात महागावहून आर्णीकडे येताना इफ्तारीच्या थोडे आधी मोठा आवाज झाला. रॉड क्रँकवरून सुटला आणि इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. सगळे ऑइल रस्त्यावर. मागून येणारा मोटारसायकलस्वार त्या ऑइलवर घसरला. अल्लाहची मेहरबानी की त्याला खरचटण्यावर भागले. त्याच्या मागे ट्रक असता तर आज आम्ही हा लेख कोणत्या तोंडाने लिहिला असता? खजूर आणि पाणी त्या रस्त्यावरच एका ढाब्यावाल्याने दिले. त्या दिवशीचा आणि नंतरचे तीन बाजार गेले. ईदचा माल बकरी ईदपर्यंत पडून राहिला. या धंद्यात पडून राहिलेला माल म्हणजे काय हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

यवतमाळला एका वयस्क मिस्त्रीकडे इंजिन उघडले. या चाचांनी जीप, फियाट, अॅम्बॅसडर सगळ्यांत हात काळे केलेले. त्यांनी तुटलेला रॉड आणि त्याची कॅप चिंधीने पुसून आमच्या हातात दिली.

“सेठ, याच्यावर नंबर वाचा.”

रॉडवर एक खूण होती, कॅपवर दुसरी.

“हा दांडा एका इंजिनाचा, ही कॅप दुसऱ्याची. कोणी भंगारातून जोडी लावली आणि डब्यात घातली.”

“पण डबा तर कंपनीचा होता, चाचा.”

“डबा तर छापखान्यातही मिळतो.”

त्यांनी पुढे जे सांगितले ते प्रत्येक गाडीवाल्याने समजून घेण्यासारखे आहे. रॉड बनतो तो असा. पोलादाची कांब सुमारे १,२०० अंशांपर्यंत तापवून साच्यात दाबून घडवतात. याला फोर्जिंग म्हणतात. मग खालचे तोंड कापून कॅप वेगळी करतात, ती परत बोल्टांनी आवळतात, आणि दोन्ही मिळून एकदम गोल भोक कोरतात. म्हणजे ते भोक गोल आहे ते त्याच दांड्याला तीच कॅप, त्याच बाजूने लावली तरच. दुसऱ्याची कॅप लावली की भोक अंडाकृती होते, पायरी पडते. डोळ्याला काही दिसत नाही. पण बेरिंग आणि क्रँक यांच्यातली ऑइलची फट मिलीमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. तेवढ्याने मेटल घासते, टकटक सुरू होते, शेवटी बोल्टवर मार येतो. अनेक नव्या इंजिनांत तर कॅप करवतीने कापत नाहीत, तडकवून वेगळी करतात. तुटलेल्या बशीचे दोन तुकडे जसे एकमेकांतच बसतात तशी ती कॅप फक्त आपल्याच दांड्यावर बसते. तेथे अदलाबदलीचा प्रश्नच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. चाचांनी आम्हाला विचारले, नवीन कोणता टाकू? आणि त्यांनी जी नावे घेतली ती ऐकून आम्हाला वाटले की हे तर आपलेच दुकान आहे.

कापडाच्या बाजारात एकाच मिलचा माल किती नावांनी येतो ते पाहा. ताजा माल येतो, काठावर मिलचे नाव. त्याच मिलचा सेकंड येतो, त्यात कोठे धागा सुटलेला, कोठे डाग. मग कटपीस, फेंट, चिंधी. शिवाय दुसऱ्या गावच्या यंत्रमागावर निघालेले, पण त्याच डिझाइनचे कापड. आणि शेवटी असा माल, ज्याच्या काठावर मोठ्या मिलचे नाव चोरून छापलेले. यातला शेवटचा सोडला तर बाकी सगळा माल विकणे जायज आहे. गरीब माणूस सेकंडचे कापड घेऊनच मुलांना ईदचे कपडे शिवतो, त्यात गैर काय? पण सेकंडला सेकंड म्हणून विकले पाहिजे. ताजा म्हणून विकला तर तोच माल हराम कमाई होतो.

रॉडचेही अगदी असेच आहे. पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. दुसरा, जो कारखाना कंपनीला माल पुरवतो त्याच कारखान्याने आपल्या स्वतःच्या नावाने बाजारात विकलेला. तिसरा, स्वतंत्र कारखान्याने त्याच मापाचा बनवलेला, ज्याला बाजारात ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात. चौथा, जुन्या इंजिनातून काढलेला. पाचवा, जुनाच पण लेथवर काम करून, नवीन बुश घालून, भोक पुन्हा गोल करून दिलेला. आणि सहावा, नकली. लोक दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळ्यांना एकच शब्द वापरतात, ‘डुप्लिकेट’. या एका शब्दाने फार नुकसान केले आहे. प्रामाणिक कारखानदाराचा माल आणि चोराचा माल एकाच पोत्यात गेला.

आफ्टरमार्केट माल हलका असतो हा गैरसमज काढून टाकला पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या मुंढव्याला भारत फोर्जचा कारखाना आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे क्रँकशाफ्ट आणि फोर्जिंग जगभरच्या वाहनांत जातात. गुजरातेत राजकोट हे शहर शेतीच्या पंपांच्या डिझेल इंजिनांपासून मोठे झाले, आणि आज तेथे कनेक्टिंग रॉड बनवणारे कारखाने आहेत. पंजाबात लुधियाना, जालंधरकडे घडाईचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. यांतल्या चांगल्या कारखान्याचा रॉड स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डब्यात येतो. डब्यावर पत्ता असतो, बॅच असते. असा माल घेण्यात काही कमीपणा नाही. काही शेकड्यांची बचत होते ती वेगळी.

जुन्या मालाचे बाजारही प्रसिद्ध आहेत. दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट, मुंबईत कुर्ला. नव्या मालासाठी दिल्लीचे काश्मिरी गेट. या बाजारांत आपल्या समाजाचे हजारो हात काम करतात आणि त्यांतले बहुसंख्य घाम गाळून कमावतात. तेथून आलेला प्रत्येक नग वाईट नसतो. अपघातात मागून चेपलेल्या गाडीचे इंजिन आतून नव्यासारखे असू शकते. पण मेरठच्या सोतीगंजचे काय झाले तेही ध्यानात ठेवले पाहिजे. चोरीच्या गाड्या तोडल्या जातात या आरोपावरून डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजारच बंद केला. त्यात ज्याच्याकडे खरेदीचा कागद नव्हता तो आपला माल स्वच्छ आहे हे कशाने दाखवणार होता? चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा चोरीत सामील आहे. न विचारता घेणाराही आपली जबाबदारी टाळू शकत नाही, असे आमचे मत आहे.

येथे मोटार कंपन्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. नकली मालाच्या विरोधात त्यांच्या जाहिराती आपण पाहतो. पण खरा माल साध्या गॅरेजवाल्याला सहज मिळू देण्यात त्यांचा हात आखडता होता. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कारण असे की, अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्यांनी खुल्या बाजारात आणि स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नव्हती. कंपन्या त्याविरुद्ध वरच्या न्यायालयांत गेल्या. ते प्रकरण पुढे कसे फिरले हा वकिलांचा विषय. आमच्यासाठी महत्त्वाचे हे की सरकारी आयोगाने मान्य केले, गाडी विकत घेणाऱ्याला ती कोठे दुरुस्त करायची याचे स्वातंत्र्य आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक पोर्टलही सुरू केले. तालुक्याच्या गावात अस्सल नग मिळत नाही, मागवला तर आठ दिवस लागतात, आणि गाडी उभी ठेवणे परवडत नाही. या पोकळीत नकली डबा शिरतो. नुसते पोलीस पाठवून ही पोकळी भरणार नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार दुसऱ्याचे नाव लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काही परिस्थितीत सदोष मालाच्या नुकसानीसाठी विक्रेत्यालाही जबाबदार धरतो. “आम्हाला वरून असाच आला” हे उत्तर तेथे नेहमी चालेलच असे नाही.

आणि टॅक्सचे निमित्त? जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हा इंजिनाच्या सुट्या भागांवर २८ टक्के होता. तो जास्तच होता, आणि बिनबिलाचा धंदा त्याने वाढवला असे आम्हाला वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. आता फरक कमी झाला आहे. बिल न घेतल्याने जेवढे वाचते त्यापेक्षा बिल नसल्याने जे बुडते ते किती तरी जास्त. आमचे गणित आमच्यासमोर आहे. टॅक्स वाचवला आणि ब्लॉक, क्रँक, तीन बाजार आणि ईदचा माल गमावला.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. धान्यवाल्याने पावसाचे कारण सांगितले. कारण खरे असेल. पण त्याला विचारले गेले ते हे की, भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आम्ही या घटनेवर पुष्कळ विचार केला. भिजलेले धान्य विकू नकोस असे म्हटलेले नाही. ते वर ठेव, दिसू दे, असे म्हटले आहे. मालातला ऐब सांगून विकणे, एवढीच अट आहे. गॅरेजवाल्याने आम्हाला सांगितले असते की, सेठ, हा जुना रॉड आहे, कॅप वेगळी आहे, बाजारापुरते काम भागेल, मग बदला, तर आम्ही कदाचित नाही म्हटले असते, कदाचित हो म्हटले असते. निर्णय आमचा असता. त्याने धान्य डब्याखाली झाकले.

आपल्या जिल्ह्यात मोटार दुरुस्तीचे काम मोठ्या प्रमाणात आपल्या समाजाच्या हातात आहे. पुसद असो, दिग्रस असो की उमरखेड, शाळा मध्येच सुटलेला मुलगा दहाव्या-बाराव्या वर्षी पान्हा हातात घेतो आणि पंचविशीत स्वतःचे शेड टाकतो. हात त्याचा तयार असतो. कमी पडते ती मोजमापाची सवय. मायक्रोमीटर आणि बोअर गेज जवळ असलेली गॅरेजे आम्हाला फार थोडी दिसली. बोटाने चाचपून ‘चालेल’ म्हणतात. शंभराव्या भागातला फरक कोणाच्या बोटाला कळतो? मुलीच्या लग्नाचे कापड घेताना गिऱ्हाईकही मीटरपट्टीवर नजर ठेवते. येथे तर जिवाचा प्रश्न आहे. मुलाला स्वतंत्र शेड टाकून देताना बापाने पाट्यांवर आणि रंगावर जो खर्च केला त्यातला थोडा या दोन उपकरणांवर करावा.

चाचांकडे बसून आम्ही जे पाहिले ते गाडीवाल्यांसाठी सांगतो. नवीन रॉड आला की आधी त्याचा आणि कॅपचा नंबर, खूण एक आहे का आणि एकाच बाजूला आहे का पाहावे. मग तिन्ही रॉड तराजूवर ठेवावेत. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. वजनात थोड्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन थरथरते. म्हणून एकच बदलायची वेळ आली तर जुन्यांच्या वजनाशी जुळवून घ्यावा, नाहीतर पूर्ण सेट एकाच कारखान्याचा घ्यावा. चाचा रॉड दोरीला टांगून हलके ठोकतात. अखंड असला तर घंटीसारखा वाजतो, भेग असली तर बद्द. ही परीक्षा ढोबळ आहे. बारीक भेग चुंबकीय तपासणीतच सापडते आणि ती सोय मोठ्या शहरातच. काही दुकानदार लोहचुंबक लावून ‘पाहा, अस्सल’ म्हणतात. त्यावर जाऊ नये. चुंबक घडीव पोलादाला चिकटतो तसाच ओतीव लोखंडालाही चिकटतो. बोल्ट जुने वापरू नयेत. एकदा ताणला गेलेला बोल्ट पुन्हा आवळला तर केव्हा धोका देईल सांगता येत नाही. आणि वाकलेला रॉड व्हाइसमध्ये धरून सरळ करणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांच्या हाताला सलाम करावा आणि गाडी तेथून काढून घ्यावी.

आणखी एक गोष्ट, आणि ही आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. रॉड बहुधा आपण होऊन तुटत नाही. ऑइल कमी असते, ऑइलचा पंप थकलेला असतो, पाणी शिरलेले असते, गाडी लोडमध्ये रेटलेली असते. आमच्या ओम्नीत आम्ही किती गाठोडी घालत होतो ते येथे न लिहिलेलेच बरे. कारण न शोधता नुसता रॉड बदलला तर सोन्याचा रॉडही तुटेल. चाचांनी रॉड टाकण्याआधी ऑइल पंप उघडला, क्रँकची ऑइलची भोके तारेने साफ केली, आणि मगच आमच्याकडे रॉडचे पैसे मागितले.

आमचा रॉड शेवटी आला तो असा. यवतमाळात त्या मापाचा पूर्ण सेट नव्हता. नागपूरला आमच्या कापडाच्या आडत्याच्या ओळखीने एका दुकानाकडे विचारले. त्यांनी इंजिन नंबर मागितला. ही चांगल्या दुकानाची खूण. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदललेले असतात. स्वतंत्र कारखान्याच्या नावाचा तीन रॉडचा जुळवलेला सेट, सोबत बोल्ट, बिलासह, दोन दिवसांत बसने आला. बिलावर कारखान्याचे नाव आणि पार्ट नंबर लिहिलेला होता. ब्लॉक मात्र जुना घ्यावा लागला. तो जुना आहे असे विकणाऱ्याने सांगितले आणि बिलावर ‘वापरलेला’ असे लिहूनही दिले. त्याला आम्ही त्याच भावात पैसे दिले आणि वर चहाही पाजला. गाडी तेव्हापासून चालते आहे.

आमची सूचना साधी आहे. यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी येथील सुट्या भागांच्या दुकानदारांनी आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर एक शब्द वाढवावा. कंपनीचा, अमुक कारखान्याचा, वापरलेला, किंवा दुरुस्त केलेला. पाच-सहा गॅरेजवाल्यांनी मिळून नागपूर किंवा राजकोटहून चालणाऱ्या गाड्यांचे सेट एकत्र मागवावेत. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. अशा गाड्या गावोगाव अजून धावत आहेत आणि पुढेही धावतील. एकट्याला दहा सेट ठेवणे जड जाते, सहा जणांना जात नाही. कापडात आम्ही हेच करतो. चार दुकानदार मिळून गठ्ठा उचलतात आणि आपसात वाटून घेतात. यासाठी उधारीवर व्याज भरण्याचीही गरज पडत नाही.

ज्या भावांना हे जमेल असे वाटते, किंवा ज्यांनी असा प्रयत्न करून सोडून दिला असेल, त्यांनी काय अडले ते या पानासाठी लिहून पाठवावे. विशेषतः पुसदच्या गॅरेजवाल्यांकडून ऐकायला आवडेल. जुळवलेला सेट नेहमी मिळतो अशा दुकानाचा पत्ता त्यांच्याकडे असेल तर तोही कळवावा. आमच्या पुतण्याला ओम्नी घेऊन महिन्यातून दोनदा त्या बाजूला जावेच लागते.